मॅच एअर पिस्तूल निवडताना: आधी हात, मग वजन, मग ट्रिगर, नाव सगळ्यात शेवटी

दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये दोन-तीन वर्षं मुरलेला नेमबाज क्लबचं पिस्तूल सोडून स्वतःचं घ्यायचं ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, "मोरिनी घेऊ की स्टायर?" गडबड इथूनच सुरू होते. मोरिनी सीएम १६२ ईआय, स्टायर एव्हो १०, वॉल्थर एलपी ५००, फाइनवर्कबाउ पी८एक्स आणि पार्डिनी के१२ ही पाचही पिस्तुलं शिकंज्यात घट्ट धरून मारली तर दहा गुणांच्या वर्तुळापेक्षा कितीतरी लहान ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, देतात. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. तुमचे आठ आणि नऊ नळीमुळे लागत नाहीत. ते लागतात लाकडाच्या मुठीमुळे, वजनाच्या तोलामुळे आणि ट्रिगरमुळे. या तीन गोष्टी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या असतात आणि प्रत्येक हाताला वेगळ्या लागू पडतात. शिवाय किंमत लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, म्हणून क्रम चुकवू नका.

## टप्पा १: हाताचं माप

ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत येते. पण एका कंपनीचं एम दुसऱ्या कंपनीच्या एमएवढं असेलच असं नाही, त्यामुळे "मला मीडियम लागतं" हे वाक्य अर्धवट आहे. आकडे काढा.

१. माप सकाळी उठल्या उठल्या घेऊ नका. अर्धा तास होल्ड (पिस्तूल नेमावर धरून ठेवणं) किंवा ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं) करा, मग घ्या. मुंबईच्या मे महिन्यातला हात आणि एसी रेंजवरचा हात यांत फरक पडतो. ज्या हवेत सामने खेळता, त्या हवेतलं माप खरं.

२. कोऱ्या ए-४ कागदावर नेमाचा हात सपाट ठेवा. चार बोटं एकमेकांना लागून आणि अंगठा सहज जितका उघडतो तितकाच उघडा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ मारायला सांगा. पेन्सिल आत कलली की माप चार-पाच मिलिमीटरनं कमी येतं आणि ग्रिप एक साइज लहान येते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

३. दोन मापं लिहा. पहिलं, मनगटाच्या पहिल्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. दुसरं, अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी. लांबी एक साइज सांगते आणि रुंदी दुसरी, असं झालं तर रुंदीच्या बाजूनं जा. बोटांच्या जागेचं लाकूड थोडं कापता येतं, पण तळहाताला अरुंद ग्रिप रुंद करायची तर पुट्टीचे थर चढवावे लागतात.

४. कागदावर डावा की उजवा आणि तारीख लिहा. वाढत्या वयाच्या मुलांचं माप दर सहा महिन्यांनी नव्यानं काढा.

हाच कागद पुढे वेगळी ग्रिप मागवताना कामी येतो. जर्मनीतल्या रिंकसारख्या ग्रिप बनवणाऱ्यांना हाताची आकृतीच लागते.

तपासा: एकाच हाताच्या दोन आकृत्या काढा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरी काढा.

## टप्पा २: नियमांची चौकट डोक्यात ठेवा

आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत एअर पिस्तूल ४.५ मिमी कॅलिबरचं, सगळं मिळून जास्तीत जास्त १५०० ग्रॅमचं आणि ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात मावणारं लागतं. ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागला पाहिजे. कंपन्यांची तयार पिस्तुलं या चौकटीत बसतातच. घोळ होतो तो नंतर हातानं केलेल्या बदलांमुळे.

ग्रिपनं हाताला वेढा घालता कामा नये. मनगट स्पष्ट मोकळं दिसलं पाहिजे. तळहाताखालची फळी, म्हणजे पाम शेल्फ, ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करून वर वळलेली चालत नाही. पुट्टीनं फळीची कड उचलून हात "लॉक" करायचा मोह अनेकांना होतो. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामन्याआधीच्या साहित्य तपासणीत, ते सहज दिसतं आणि सामन्याच्या सकाळी कानस घेऊन बसायची वेळ येते.

तपासा: पिस्तूल पकडा, दुसऱ्या हातानं नळीला आधार द्या आणि बोटं सैल सोडा. हात सरळ मागे निघून आला पाहिजे. वळवून, ओढून काढावा लागत असेल तर ग्रिप नियमाबाहेर जायच्या बेतात आहे.

## टप्पा ३: कुठली पिस्तुलं हातात घेऊन बघायची

पाच मॉडेलं इंटरनेटवर वाचून तीनवर येता येतं, तीनवरून एकावर येता येत नाही. ती हातातच घ्यावी लागतात. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा तुमच्या क्लबात ज्यांच्याकडे ही मॉडेलं आहेत, त्यांच्याकडे कोचमार्फत शब्द टाका. कुणाची ग्रिप त्याच्या हाताला कोरलेली असेल तर ती तुम्हाला टोचणारच. तो दोष पिस्तुलाचा धरू नका आणि शक्य असेल तिथे न कोरलेली ग्रिप मागा.

निवडताना हे प्रश्न विचारा:

- ट्रिगर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? सीएम १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक आहे. स्टायर आणि वॉल्थर दोन्ही प्रकार देतात आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलच्या नावापुढे ई असतो. के१२ मेकॅनिकल आहे.
- ग्रिपचा कोन स्क्रूनं बदलता येतो का, आणि किती दिशांनी?
- आखूड नळीचं किंवा ज्युनिअर रूप मिळतं का?
- सील, झडपेचे भाग आणि हवेचं जादा सिलिंडर भारतात कुणाकडे मिळतात? दुरुस्तीला किती दिवस लागतात?

शेवटच्या प्रश्नाला ठाम उत्तर मिळालं नाही, तर ते मॉडेल कितीही आवडलं तरी यादीत खाली ढकला. एका रबरी सीलसाठी पिस्तूल महिनाभर कपाटात पडलं की सीझन गेला.

## टप्पा ४: ग्रिपची परीक्षा

या टप्प्याला घाई करू नका. बाकी सगळं नंतर बदलता येतं. चुकीची ग्रिप मात्र मनगटाला चुकीची सवय लावते आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

पकड. पिस्तूल डाव्या हातानं नळीपाशी धरा आणि उजवा हात मागून सरळ ग्रिपमध्ये सरकवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण वर टेकेपर्यंत न्या. मधलं बोट आणि अनामिका यांनी पुढून मागे सरळ दाब द्या. करंगळी नुसती टेकलेली, अंगठा निवांत. तर्जनी ग्रिपच्या लाकडाला कुठेच घासता कामा नये. ती घासत असेल तर ट्रिगर दाबताना लाकूडही ढकललं जातं आणि शॉट बाजूला जातो.

पावडरची खूण. तळहाताला टाल्कम पावडर हलकीशी चोळा, पकड घ्या, दहा सेकंद होल्ड करा, हात काढा. गडद लाकडावर जिथे हात खरंच टेकला तिथे पांढरा ठसा उमटतो. चांगल्या ग्रिपवर अंगठ्याच्या मुळाखालचा मांसल भाग, मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं मधलं पेर अशी मोठी, सलग क्षेत्रं दिसतात. नुसते दोन-तीन ठिपके उमटले तर हात त्या ठिपक्यांवर डुगडुगतो. उलट करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळं पांढरं झालं असेल तर ग्रिप घट्ट आहे. विसाव्या शॉटला नाडीचे ठोके नळीच्या टोकावर दिसू लागतील.

डोळे मिटून. ही परीक्षा सगळे करतात आणि बरेच जण तिचा अर्थ चुकीचा लावतात. पिस्तुलात छर्रा नाही हे आधी बघा. टार्गेटसमोर उभे राहा, पकड घ्या, डोळे मिटा, हात वर न्या, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. आता दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, दोन्ही साइट्स (नेम धरायची पुढची पाती आणि मागची खाच) मिळून टार्गेटच्या डावी-उजवीकडे आहेत का? असतील तर उभं राहणं चुकलंय. मागचा पाय थोडा सरकवा. ग्रिपला हात लावू नका.

दुसरी, पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध आहे का? नसेल तर तो ग्रिपचा प्रश्न आहे आणि पाय सरकवून तो सुटत नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाची पुढची साइट खाचेत डावीकडे दिसत असेल, तर ग्रिपच्या मागच्या उजव्या बाजूला, तळहाताची टाच टेकते तिथे, भर कमी पडतेय. उजवीकडे दिसत असेल तर तिथलं लाकूड जास्त आहे. डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं. साइट खाचेत वर-खाली होत असेल तर ग्रिपच्या कोनाचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा बघा.

ही परीक्षा प्रत्येक पिस्तुलावर दहा वेळा करा आणि दहाही वेळा काय दिसलं ते लिहा. दहापैकी सातदा साइट एकाच बाजूला जात असेल तर दोष पक्का आहे आणि तो दुरुस्त करता येतो. दर वेळी वेगळीकडे जात असेल तर पकडच एकसारखी होत नाहीये. अशा वेळी पिस्तूल बदलून उपयोग नाही, आधी कोचबरोबर पकडीवर काम करा.

पाम शेल्फ. फळी हाताला खालून लागावी, दाबू नये. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी फळी आणि हात यांच्यामध्ये ठेवा आणि होल्ड घेऊन ती दुसऱ्या कुणाला तरी ओढायला सांगा. किंचित अडत निघाली तर बरोबर. फाटली तर फळी वर आहे, सुळकन आली तर खाली.

सावधान: पसंत पडलेल्या पिस्तुलावर पहिल्या आठवड्यात कानस चालवू नका. आधी स्क्रू, मग फळी, लाकूड शेवटी. कापायचं झालं तर पावडरच्या ठशावर पेन्सिलनं खूण करून एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी काढा आणि दोन सेशन मारून बघा. भर घालायची तर दोन घटक मळून लावायची लाकडाची पुट्टी वापरा. ती ओली असताना हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून ठसा घ्या आणि रात्रभर सुकू द्या.

## टप्पा ५: वजन आणि तोल

ही पिस्तुलं साधारण एक किलोच्या आसपास असतात. पण वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. पुढे जड पिस्तूल होल्डला संथ वाटतं आणि ट्रिगरच्या चुका काही प्रमाणात झाकतं. मात्र चाळिसाव्या शॉटनंतर खांदा खाली ओढतं. दुकानात किंवा रेंजवर पाच मिनिटं हातात घेणाऱ्याला जड पिस्तूल नेहमीच "स्टेबल" वाटतं आणि तो फसतो. सामना ६० शॉट्सचा आहे, ७५ मिनिटांचा, त्याआधी १५ मिनिटांची तयारी आणि साइटिंग.

म्हणून अशी परीक्षा घ्या: रिकाम्या पिस्तुलानं पांढऱ्या भिंतीवर ३० सेकंदांचे होल्ड, मध्ये ३० सेकंद विश्रांती, असे २० वेळा. पहिल्या पाचांत आणि शेवटच्या पाचांत पुढच्या साइटची हालचाल किती वाढली ते बघा. वाढ थोडी असेल तर वजन झेपतंय. शेवटच्या पाचांत कोपर वाकू लागलं किंवा कंबर मागे झुकू लागली तर नळीवरची वजनं काढून पुन्हा बघा. तरीही तेच झालं तर आखूड नळीचं मॉडेल घ्या.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला "पुढे वाढणारच आहे" म्हणून पूर्ण लांबीचं पिस्तूल देणारे पालक बरेच आहेत. त्यानं पाठीच्या मणक्याला वाकडी सवय लागते. हलकं द्या. वजन नंतर चढवता येतं.

## टप्पा ६: ट्रिगर

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला दाब, मग एक स्पष्ट भिंत, मग सुटणं. नियम ५०० ग्रॅमचा आहे, तुम्ही ५१० ते ५२० वर लावा. बरोबर ५०० वर लावलेला ट्रिगर इक्विपमेंट कंट्रोलला कधीतरी दगा देतो. वजन मोजताना सिलिंडर लावलेलं, पिस्तूल कॉक केलेलं आणि नळी उभी वर हवी. ट्रिगरला अडकवलेलं वजन सपाट जागेवरून हळू उचला, झटका दिला तर आकडा खोटा.

नवशिक्यानं आणि मधल्या फळीतल्यानं पहिल्या टप्प्यात जास्त वजन ठेवावं, म्हणजे साधारण ३५० ते ४०० ग्रॅम तिथे आणि उरलेलं दुसऱ्या टप्प्यात. उलटं केलं तर भिंतीवर बोट अडून राहतं आणि शॉट "काढला" जातो.

ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवून अशी लावा की पहिल्या पेराचा मऊ भाग तिच्यावर येईल आणि बोट सरळ मागे येईल. एखाद्या मॉडेलवर पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही हे जमत नसेल तर त्या पिस्तुलाची ग्रिप तुमच्या हातापेक्षा मोठी किंवा लहान आहे. इथे तडजोड नको.

इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? इलेक्ट्रॉनिकचा ट्रिगर वर्षानुवर्षं एकसारखा राहतो, पण बॅटरी, सर्किट आणि दमट हवा यांची काळजी मागतो. मेकॅनिकल घरच्या घरी समजून घेता येतो, पण धूळ आणि जुनं तेल बसलं की हळूच बदलतो. जवळ अनुभवी दुरुस्ती करणारा नसेल तर पहिलं पिस्तूल मेकॅनिकल घ्यावं, असं आमचं मत आहे. इलेक्ट्रॉनिक घेतलंत तर बॅटरी सामन्याच्या आठवड्यात बदला, सामन्याच्या सकाळी नाही.

## टप्पा ७: प्रत्यक्ष मारून बघणं

दोन किंवा तीन पिस्तुलं उरली की हा क्रम पाळा.

१. पहिल्या दिवशी अ, मग ब. दुसऱ्या दिवशी ब, मग अ. दोन्ही दिवशी एकाच क्रमानं मारलं तर दर वेळी दुसऱ्याच पिस्तुलावर दमलेला हात बसतो आणि निकाल वाकडा येतो.
२. प्रत्येकावर २० ड्राय फायर, मग ४० छर्रे. टार्गेट उलटं लावा, म्हणजे समोर कोरा कागद. काळा गोल दिसला की डोळा गुण शोधू लागतो.
३. गुण मोजू नका, ग्रुप मोजा. साइट तुमच्यासाठी लावलेली नसते, त्यामुळे ग्रुप कुठे पडला याला अर्थ नाही. दहा-दहा शॉट्सचे चार ग्रुप पाडा आणि त्यांची रुंदी-उंची पट्टीनं मोजा.
४. छर्रे सगळ्या पिस्तुलांवर एकाच डब्यातले आणि सपाट तोंडाचे घ्या. आरडब्ल्यूएस आर १० चा ०.४५ ग्रॅमचा किंवा एच अँड एन फिनाले मॅचचा ०.४९ ग्रॅमचा पिस्तूल छर्रा चालेल.

आडवा पसरलेला ग्रुप बहुधा ग्रिपकडे आणि ट्रिगरच्या बोटाकडे बोट दाखवतो, उभा पसरलेला मनगटाकडे आणि थकव्याकडे. चारही ग्रुप मध्यम पण सारखे देणारं पिस्तूल घ्या. एक झकास आणि तीन विस्कटलेले देणारं नको.

## टप्पा ८: पैसे देण्याआधी

सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. वापराची मुदत १० वर्षं असते आणि तारीख उलटलेलं सिलिंडर सामन्यात चालत नाही. जुन्या पिस्तुलाच्या व्यवहारात इथेच सर्वात जास्त लोक अडकतात. सिलिंडर भरा, गेजवरच्या काट्याचा फोटो काढा, पिस्तुलाला लावून ४८ तास ठेवा. काटा खाली आला असेल तर सील गेलंय. कॉकिंगचा दांडा बंद केल्यावर डावी-उजवीकडे हलतो का बघा. शक्य असेल तर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा शॉट्स मारा. वेग साधारण सेकंदाला १५० मीटरच्या आसपास असावा, आणि एका शॉटचा दुसऱ्यापासून वेग फार हलत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, उघडावा लागणार.

कागदांचं: ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, विक्रेता ओळखपत्र मात्र घेतो. .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलाला परवाना लागतोच, दोन्हींची गल्लत करू नका. बिलावर सिरियल नंबर हवा आणि तो पिस्तुलावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. बाहेरून मागवणार असाल तर त्या वर्षीची पद्धत असोसिएशनकडून लेखी घ्या, तोंडी माहितीवर ॲडव्हान्स देऊ नका.

दुसरं पिस्तूल कधीतरी घेणार असाल तर त्याच मॉडेलचं, त्याच ग्रिपचं घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या ऐन मध्यात बिघाड झाला आणि तिची मोलाची मिनिटं गेली. वेगळ्या ग्रिपचं जादा पिस्तूल अशा वेळी हाताला परकं वाटतं.

## टप्पा ९: पहिला महिना, मुंबईच्या हवेत

सावधान: सिलिंडर भरताना झडप हळू उघडा. हवा झपाट्यानं भरली की सिलिंडर तापतं आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. त्यावर कोरलेल्या दाबाच्या वर, बहुतेकांवर २०० बार, कधीही जाऊ नका. झडपेला साधं तेल किंवा ग्रीस लावू नका, दाबाखालच्या हवेत ते पेट घेतं. ऑक्सिजन तर चुकूनही भरू नका. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात ओल शोषणारा फिल्टर लावा, नाहीतर पाणी थेट रेग्युलेटरपर्यंत जातं.

जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं. मेमध्ये बरोबर बसलेली ग्रिप जुलैत घट्ट वाटली तर लगेच कापू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा. रेंजवरून आल्यावर पिस्तूल केसमध्ये बंद करून टाकू नका. केसमधला फोम घाम आणि ओल धरून ठेवतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टीलचे स्क्रू आठवड्यात तांबडे होतात. पुसा, तासभर कपाटात उघडं ठेवून कपाटाला कुलूप लावा, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून केस बंद करा. पुड्या महिन्यातून एकदा सुकवा.

लोकलनं जाताना केसला कुलूप हवं, पिस्तूल रिकामं आणि बिलाची प्रत सोबत. डब्यात, प्लॅटफॉर्मवर किंवा सोसायटीच्या गच्चीवर केस उघडायची नाही. विमानानं जाताना सिलिंडर रिकामं करून चेक-इन सामानात द्या आणि एअरलाइनला आधी कळवा.

घरी फक्त ड्राय फायर, कोऱ्या भिंतीवर.

आणि एक वही ठेवा. ग्रिपचा कोन, फळीची उंची, ट्रिगरचं वजन, पट्टीची जागा, साइटच्या खाचेची रुंदी, छर्ऱ्याच्या डब्यावरचा बॅच नंबर. कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी किती वाजता, किती फेरे, कुठल्या दिशेनं हे लिहा आणि एका सेशनमध्ये एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि ग्रुप सुधारला, तर कशानं सुधारला हे कुणालाच सांगता येत नाही.